खुंटीवरची माळ

कापूरहोळला सातारा रस्त्यावरून भोरकडं वाट फुटते, त्या कोपऱ्यावर ठकुबाईचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणायचं इतकंच. वर पत्रा, पुढं सारवलेला लांबरुंद ओटा, दोन बाकडी, आत भट्टी आणि भट्टीच्या वर धुरानं काळवंडलेली विठ्ठल-रखुमाईची तसबीर. एस.टी. चुकलेली माणसं, टायर बदलायला थांबलेले लॉरीवाले, भोरच्या कचेरीत तारखेला निघालेली खेड्यातली मंडळी, सगळी तिथं टेकायची.

ठकुबाई हाडापेरानं मोठी, आवाजानं त्याहून मोठी. पहाटे भट्टी पेटवायच्या आधी ती तसबिरीला हळदकुंकू वाहायची, उदबत्ती ओवाळायची, डोळे मिटून काहीतरी पुटपुटायची. डोळे उघडले की पहिलं काम दुधात पाण्याचा तांब्या ओतायचं. तेही देवासमोरच. फुलाबाई नावाची गरीब बाई तिच्याकडं भाकऱ्या थापायला यायची. ती एकदा भीत भीत म्हणाली, "मावशी, देव बगतोय की."

"बगू दे. त्येला काय गिऱ्हाइकात बसायचंय?" ठकुबाई म्हणाली.

चहा पातळ आहे असं कुणी म्हटलं, तर ती सगळ्यांदेखत सुनवायची, "दाट चा पायजे असंल तर सासुरवाडीला जावा. हितं पैशाचा मिळतो, लाडाचा न्हाई." माणसं हसायची आणि परत यायची. चहापेक्षा तिच्या तोंडाची चव घ्यायला यायची म्हणा ना. पण एखाद्याला ती बोलायला लागली की थांबायचं कुठं हे तिला कळत नसे. समोरचा रडकुंडीला आला की हिला आणखी चेव. देवानं तिला हात कष्टाचे दिले होते, नजर हिशेबी दिली होती. दया द्यायची मात्र त्याच्याकडून राहून गेली असावी.

तिचा नवरा दादू. अंगानं किडमिडीत, बोलणं कमी. कपबश्या विसळायच्या, बटाटे चिरायचे, गल्ल्यावर बसायचं आणि बायकोनं हाक मारली की उठायचं. गळ्यात तुळशीची दुपदरी माळ. नवख्याला खरं वाटलं नसतं, पण हाच दादू एके काळी भोर-वेल्ह्यात तीनपानीचा बादशहा होता. स्वतःची पानं तो नंतर बघायचा, आधी समोरच्याचं तोंड बघायचा. मेंगाईच्या जत्रेला वेल्ह्याला गेला की घर विसरायचा. अशाच एका जत्रेत तो बसलेला असताना इकडं त्याची आई गेली. जाताना "दाद्या आला का, दाद्या आला का" करत गेली. माणूस धाडला, पण कुठल्याशा गोठ्यात बैठक चाललेली, त्याला ती सापडली नाही. शेवटी चुलतभावानं अग्नी दिला. दादू उगवला तो राख सावडायच्या दिवशी.

ठकुबाईनं त्याला उंबरा ओलांडू दिला नाही. नदीवरनंच, ओल्या धोतरानिशी, दंडाला धरून तिनं त्याला उत्रोलीच्या बुवांपुढं उभा केला. "बुवा, ह्येंच्या गळ्यात माळ बांधा. न्हाईतर म्या ह्येंला नदीत ढकलून जाते."

बुवा साधे, शेतावर राबून भजन करणारे. त्यांनी माळ घातली आणि दोन गोष्टी सांगितल्या. पत्त्याला हात लावायचा नाही. आणि माळ गळ्यात नसेल तोवर अन्नाचा कण नाही, पाण्याचा घोट नाही. पुढं एकदा माळेचा दोरा तुटला, तर दादू ओट्यावर मणी ओवत बसला आणि शेवटची गाठ बसेपर्यंत भर चैत्रात त्यानं तोंडाला पाणी लावलं नाही. ठकुबाई हसून गिऱ्हाइकांना सांगत होती, "बगा, कसा बांधलाय. ह्यो माज्या हातचा बंदोबस्त."

माळ आपण घातली, असंच तिला वाटायचं. पुढं जे झालं त्याचं मूळ तिथंच आहे.

कोयनेचा भूकंप झाला त्याच्या पुढल्या वर्षी रस्त्यापलीकडं एकानं नवं हॉटेल टाकलं. त्यानं रेडिओ आणला. लॉऱ्या पलीकडं थांबू लागल्या. आखाड लागला, लावण्या उरकत आल्या, माणसं रिकामी झाली, तीही जाऊन रेडिओसमोर बसली. ठकुबाईच्या ओट्यावर कुत्री निजू लागली. ती भजी तळायची, संध्याकाळी तीच पुन्हा तळायची आणि पलीकडं बघून दात खायची.

किकवीचा मानसिंग तेवढा तिचं गिऱ्हाईक म्हणून टिकून होता. पलटणीतून पेन्शन घेऊन आलेला, मिशीला पीळ, चहा फुंकून फुंकून प्यायची सवय. एक दिवस तो म्हणाला, "मावशी, रेडिओला उतारा सांगू का? आमच्या पलटणीत सायबलोक पोकर खेळायचे. पत्त्याचाच डाव, पण समोरासमोर दोगंच. कुस्तीवानी. हरला त्यो उठला, जिंकला त्यो फुडं. शेवटाला एकच ऱ्हायचा. बगायला सगळी छावणी लोटायची."

"पोकर का फोकर. आपल्या लोकास्नी कुठं येतंय?"

"तीनपानी येती ना? रीत पोकरची, पानं आपली."

"आन् फौजदार आला म्हंजी?"

"पैसा लावायचाच न्हाई. चिंचोके लावायचे. दोगांना सारखे चिंचोके द्यायचे, ज्याचे सरले त्यो हरला. चिंचोक्याला कुठला फौजदार धरतोय?"

ठकुबाईनं कढईतला झारा बाजूला ठेवला. तिच्या डोळ्यांपुढं चिंचोके नव्हते. ओटा गच्च भरलाय, रस्त्यापर्यंत माणूस उभाय आणि पलीकडं रेडिओ एकटाच गातोय, हे दिसत होतं.

भोर आणि वेल्ह्याच्या गाड्यांवरच्या कंडक्टरांना चहा पाजून तिनं गावोगाव निरोप धाडले. आठ गडी निवडायचे. आखाडातला शेवटचा रविवार. जिंकणाऱ्याला बोकड. पण त्यातही तिनं मेख मारून ठेवली होती. बोकड जिंकणाऱ्याचा, मात्र कापायचा त्याच दिवशी, तिच्याच मागल्या अंगणात. रस्सा सगळ्यांना, भाकरी, भात नि चहा ठकुबाईकडून विकत. माळकऱ्याचं हॉटेल म्हणून आत कधी मटण शिजत नसे, म्हणून अंगणात तीन दगड मांडून वेगळी चूल घातली.

दादूनं हे सगळं ऐकलं. आदल्या दिवशी तो बायकोजवळ येऊन उभा राहिला. "ठके, उद्याच्याला म्या उत्रोलीला जातो. बुवांकडं भजन हाय."

"आन् कपबश्या कोण इसळनार? तुमचा इठोबा?"

"पत्ते हायेत गं. नको वाटतंय."

"पत्ते त्येंच्या हातात हायेत, तुमच्या न्हाईत. गुमान मोरीपाशी बसायचं, मान खाली घालायची."

रविवारी पावसानं उघडीप दिली. सकाळपासून माणसं येऊ लागली. ओट्यावर घोंगडी अंथरली, मधोमध चिंचोक्यांचं सूप ठेवलं. बाजूच्या खांबाला झेंडूचा हार घातलेला तांबडा बोकड बांधला होता. पोरंसोरं त्याला पाला चारत होती. मानसिंग पंच, आणि आठांतला एक गडीही. चिठ्ठ्या टाकून त्यानं जोड्या लावल्या. वेल्ह्याकडचा बाजीराव हा सगळ्यांत बढाईखोर. मनगटात चांदीचं कडं, तोंडात सदा दुसऱ्याची टवाळी. त्याची जोडी लागली चिमाजीशी. पण चिमाजी आलाच नाही. घाटात दरड आली, गाडी पलीकडंच अडकली, असं कंडक्टरनं सांगितलं.

"मग मी जिंकलोच की!" बाजीराव बोकडाच्या पाठीवर हात फिरवत म्हणाला. "न खेळता फुडं. ह्येची एक तंगडी आत्ताच माज्या नावावर घाला."

बाकीचे खवळले. "फुकट फुडं जायचं असंल तर आमी का घाम गाळायचा?" कुणी चपला पायात सरकवल्या, कुणी पलीकडच्या रेडिओकडं बघू लागला. मानसिंग म्हणाला, "समोर माणूस बसल्याबिगर डाव न्हाई. हुबं करा कुणीतरी."

बाजीरावची नजर मोरीपाशी गेली. दादू पाठमोरा बसून राखेनं कप घासत होता. "त्यो काय बादशा बसलाय! व्हय बुवा, येता का? का मावशीनं पत्त्यासंगं बोटं बी काढून घेतली?"

माणसं हसली. दादूनं मान वर केली नाही. पण हातातला कप घासायचा थांबला.

ठकुबाईनं एकदा ओट्याकडं बघितलं, एकदा रस्त्यापलीकडं. दोघंतिघं उठून चाललेच होते. ती पदरानं हात पुसत दादूजवळ गेली. "उठा. एक डाव बसा."

"ठके, माळ हाय."

"माळ काढून ठिवते. तसबिरीच्या खुंटीला लावते, देवाजवळच ऱ्हाईल. हळदकुकू वाहते, नारळ ठिवते. डाव झाला का घाला."

"बुवांनी सांगितलंय..."

"बुवांकडं कुणी नेलं हुतं? म्या. माळ म्या घालायला लावली, म्या उतरवली तर तुमचा इठोबा मला इचारल, तुमाला न्हाई." आणि त्याच्या उत्तराची वाट न बघता तिनं माळेत दोन बोटं घातली, पागोट्यावरनं ती वर काढली आणि खुंटीला अडकवली. खरंच हळदकुंकू वाहिलं, खरंच नारळ ठेवला. तिच्या लेखी हिशेब चुकता झाला होता.

दादू घोंगडीवर बसला तेव्हा त्याचा हात सारखा गळ्याकडं जात होता. बाजीरावनं पानं पिसली, वाटली. दादूनं आपली पानं उचललीच नाहीत. त्यानं बाजीरावच्या तोंडाकडं बघितलं. आणि जी नजर सहा वर्षं राखेत पुरली होती ती परत आली. फुलाबाई दारातून बघत होती. तिनं नंतर सांगितलं, की दादबांचं तोंड असं झालं जसं कुणी त्यांच्या अंगात शिरलंय.

चिंचोके इकडचे तिकडं होऊ लागले. बाजीराव मोठ्यानं बोलायचा, दादू बोलतच नव्हता. बाजीरावकडं चांगलं पान आलं की दादू आपली पानं टाकून मोकळा. बाजीराव पोकळ हातावर गुरगुरला की दादू चिंचोके लावत जायचा. बघता बघता बाजीरावपुढं घोंगडी रिकामी झाली. दादूनं पहिल्यांदा तोंड उघडलं. "कडं सारकं करतोयस, बाजीराव. पान नसलं का तू कडं फिरवतोस."

हशा असा पिकला की पलीकडची माणसं रस्ता ओलांडून आली. बाजीरावनं कडं काढून खिशात घातलं. त्याचे कान लाल झाले होते.

दादू उठून भट्टीपाशी आला. घसा कोरडा पडला होता. सकाळपासून गडबडीत त्यानं पाणीही घेतलं नव्हतं. "ठके, माळ दे. पाणी पितो."

ठकुबाईच्या दोन्ही हातांत चहाच्या किटल्या होत्या. ओट्यावर तीळ ठेवायला जागा नव्हती. असा धंदा तिनं जन्मात बघितला नव्हता. "आता जिंकलाय तर फुडं बसावं लागंल. माळ घातली आन् परत उतरवली, ते चालतंय का तुमच्या बुवांना? म्हंजी दोनदा पाप. त्यापरीस सगळं उरकू द्या, मग एकदाच घाला."

बोलणं बिनतोड होतं. दादूनं वर बघितलं. त्याला खुंटी दिसत होती, हात पोचत होता. पण घोंगडीवरून कुणीतरी हाक मारली, "दादबा, या की!" आणि तो वळला. हे लपवण्यात अर्थ नाही, त्यालाही जायचं होतं.

दुसरा गडी लवकर हरला. शेवटची जोडी मानसिंग आणि दादूची लागली. दुपार कलली होती, पावसानंतरचं ऊन पत्र्यावर तापत होतं. दादूचे ओठ पांढरे पडले होते. मानसिंगला पलटणीनं एक गोष्ट चांगली शिकवली होती. समोरच्याला हरवता येत नसेल तर त्याला दमवायचं. तो एकेक पान नखानं उचलून बघायचा, परत ठेवायचा, मिशी पिळायचा. "मावशी, चा आना."

चहा आला. मानसिंगनं तो बशीत ओतला, दादूच्या अगदी समोर धरला आणि फुंकर घातली. मग लांब, आवाज करत घोट घेतला. "वा! दादबा, आज मावशीनं दुदात पानी न्हाई घातलं. घेता का घोटभर? अरं व्हय, तुमचं तोंड खुंटीला हाय न्हाई का."

माणसं पोटं धरून हसली. कुणीतरी तांब्या आणून दादूच्या पायाशी ओतला. "पाय तरी भिजवा, बुवा!" ठकुबाईही हसली. मानसिंगनं लागोपाठ तीन चहा मागवले, तिनं तिन्ही स्वतःच्या हातानं आणून दिले. फुलाबाई मागून म्हणाली, "मावशी, दादबा पडतील." ठकुबाई म्हणाली, "तू तुज्या भाकरी बघ. करपला वास येतोय."

या सगळ्यांचं लक्ष घोंगडीवर असताना बाजीराव भट्टीजवळ येऊन गेला. त्याच्याकडं कुणी बघितलं नाही.

शेवटच्या हाताला दादूनं पुढ्यातले सगळे चिंचोके मधे सारले. मानसिंग कितीतरी वेळ बघत राहिला. चौथ्या चहासाठी त्यानं हात वर केला, पण त्याच्याच गावची माणसं ओरडली, "अरं टाक की आता, बोकड म्हातारा झाला!" त्यानं आपलेही चिंचोके सारले आणि पानं उघडी केली. दादूची पानं त्याहून सरस होती. ओटा दणाणला. कुणी दादूला खांद्यावर घ्यायला लागलं. तो त्यांच्यातून कसाबसा सुटून भट्टीकडं गेला, वर हात केला. बोटांना नारळाची शेंडी लागली. माळ नव्हती.

"ठके! माळ कुठं?"

अंगणातून हशाचा लोंढा आला. बोकडाला खांबापासून सोडून चुलीकडं आणलं होतं. झेंडूचा हार मघाच पोरांनी ओढून काढला होता. त्याच्या जागी तुळशीची दुपदरी माळ होती. कपाळाला बुक्का फासला होता. बाजीराव बोकडाचे पुढचे दोन पाय जुळवून माणसांना नमस्कार घालत होता. "राम राम, राम राम! ह्यो बगा नवा माळकरी. जुना बाटला, आता ह्येच्या हाती भजन!"

दादू अंगणात आला. माळकऱ्यानं माळकऱ्याच्या पाया पडायचं, ही सवय त्याच्या हाडात मुरली होती. तो वाकला. त्याचे हात बोकडाच्या खुरांना लागले. माणसांना वाटलं जिंकल्याच्या भरात सोंग करतोय. त्यांनी टाळ्या पिटून "विठ्ठल विठ्ठल" सुरू केलं. पण तो उठला तेव्हा त्याचं तोंड बघून पुढच्या रांगेतले गप्प झाले.

"सोडा त्येला. माळ हाय त्येच्या गळ्यात. कापू नका."

"मग काढू की माळ," बाजीराव म्हणाला. "तुजी निघती, त्येची का न्हाई?"

"बोकड माजा हाय. म्या जिंकलाय. म्या सोडतोय त्येला."

गर्दीत कुजबूज झाली. जिंकणारा तो, बोकड त्याचा, हे खरंच होतं. मानसिंगनंही घसा खाकरला. तेवढ्यात ठकुबाई पुढं आली. चुलीवर मसाला भाजून तयार होता, भाकऱ्यांच्या चवडी लागल्या होत्या, भाताच्या पातेल्यावर निखारे ठेवले होते, आणि भुकेलेली एवढी माणसं तिच्या अंगणात उभी होती.

"तुमचं ते माजं. आन् माजं सगळं चुलीवर हाय. व्हा बाजूला."

तिनं बोकडाच्या गळ्यात बोटं घालून माळ ओढली. सकाळी नवऱ्याच्या गळ्यातून निघाली तशी ती सहज निघाली नाही. बोकडानं मान झटकली, दोरा तटकन तुटला. मणी चिखलात उडाले. कोंबड्या दाणे समजून धावल्या. माणसांचे पाय त्यावरून चुलीकडं निघाले. बाजीरावनं बोकडाची शिंगं धरली. फुलाबाईनं हातातलं पीठ पुसलं, परात तशीच टाकली आणि कुणाला न सांगता घरी गेली. ती परत त्या हॉटेलात आली नाही.

दादू दिवस मावळेपर्यंत गुडघ्यावर बसून चिखल चाचपत राहिला. त्याच्या पाठीमागं रस्सा ओरपल्याचे आवाज येत होते. कुणी म्हणालं, "बादशा, या जेवाय, तुमचाच बोकड हाय."

तो जेवला नाही. पाणीही प्यायला नाही. दुसऱ्या दिवशी उत्रोलीहून बुवा आले. त्यांना कळलं होतं. ते दादूला काही बोलले नाहीत. ठकुबाईला म्हणाले, "बाई, माळ परत घालता येईल. पण ज्या हातानं उतरवली त्याच हातानं त्याला माझ्याकडं घेऊन या, देवापुढं डोकं टेका. एवढंच."

हॉटेल भरलेलं होतं. कालची गोष्ट सांगायला आणि ऐकायला माणसं लोटली होती. ठकुबाईनं कढईत भजी सोडत सांगितलं, "बुवा, आता ह्या गर्दीत? एकादशीला येते की. चा घ्या." बुवांनी चहा घेतला नाही.

एकादशीपर्यंत दादू कसा टिकणार होता? आणखी एक दिवस तो भिंतीला पाठ लावून बसला. त्यानंतर ठकुबाईनं पिठलं-भाकरी आणि तांब्या त्याच्यापुढं आदळला. "खावा. उपाशी मेलासा तर लोक मला खातील." दादू ताटाकडं बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं तांब्या उचलला आणि घटाघटा रिकामा केला. पाणी हनुवटीवरून उघड्या गळ्यावर ओघळलं. मग भाकरी खाल्ली, सगळी. ठकुबाई समाधानानं म्हणाली, "बगा, काय झालं का? आभाळ फाटलं का?"

नाही फाटलं. एकादशी आली, ठकुबाईनं साबुदाण्याची खिचडी करून विकली. पुढलीही आली. उत्रोलीला जायचं राहून गेलं.

आणि धंद्याला बरकत आली, हे सांगितलं पाहिजे. दादूनं कपबश्या विसळायच्या सोडल्या. तो ओट्यावर घोंगडी टाकून बसू लागला. लॉरीवाल्यांत बातमी पसरली, कापूरहोळला एक माणूस आहे, त्याला दोघांच्या डावात हरवून दाखवा. सातारा, कोल्हापूरचे ड्रायव्हर मुद्दाम थांबायचे, चिंचोके मांडायचे, हरायचे, चहा-भजी घ्यायचे. पलीकडच्या हॉटेलवाल्यानं रेडिओ विकला. ठकुबाईनं पत्रे नवे घातले.

दादूच्या कमरेला एक चंची असायची. तिच्यात चिखलातून वेचलेले तुळशीचे मणी होते. पायाखाली चुरडले गेले, कोंबड्यांनी गिळले, त्यातून उरलेले. कधीमधी, एखादा ड्रायव्हर निघायच्या घाईत असला की दादू म्हणायचा, "थांबा, एक हात ह्येच्यावर." आणि चिंचोक्याऐवजी एक मणी मधे ठेवायचा. तो डाव दादू हमखास हरायचा. ड्रायव्हर मणी खिशात टाकायचा, सगळ्यांना सांगत सुटायचा, आणि लॉरी पुण्याकडं नाहीतर साताऱ्याकडं निघून जायची.

ठकुबाईला वाटायचं, नशीब फिरलं. मग एकदा ती मागून चहा द्यायला आली आणि तिनं दादूच्या हातातली पानं बघितली. तीन एक्के. त्याहून मोठं पान तीनपानीत नाही, हे तिलाही माहीत होतं. दादूनं ते तीन एक्के पालथे ठेवले आणि म्हणाला, "हरलो. न्या."

"याड लागलं का तुमाला?" ड्रायव्हर गेल्यावर ती ओरडली. "एक्के टाकता?"

"तुजं काय गेलं?" दादू म्हणाला.

अशी वर्षं गेली. एका दुपारी ओटा रिकामा होता. दादूनं चंची उलटी केली, एकच मणी पडला. "ठके, हितं बस."

"मला कुठं येतंय?"

"तीन पानं उचलायची, बगायची. बस म्हंतो ना."

त्याच्या आवाजात असं काही होतं की ती बसली. लग्नाला इतकी वर्षं झाली, ती नवऱ्याच्या समोर अशी गुडघ्याला गुडघा लावून कधी बसली नव्हती. दादूनं पानं वाटली. तिनं एक चिंचोका लावला, त्यानं मणी. त्यानं पानं उचललीही नाहीत. तिच्या तोंडाकडं बघत राहिला, सावकाश, जसं बाजीरावकडं बघितलं होतं. तिला पहिल्यांदा त्या नजरेची भीती वाटली. "काय बगताय?"

"हाय का काय, बगतोय." मग त्यानं स्वतःची पानं पालथीच गड्डीत सारली. "जिंकलीस."

त्यानं मणी तिच्या तळहातावर ठेवला आणि तिची बोटं मिटवली. "तू उतरवलीस. शेवटचा तुज्याकडंच ऱ्हाऊ दे. आता माज्याकडं काय न्हाई."

तो उठला, चूळ भरली, आणि गिऱ्हाइकं बसतात त्या बाकड्यावर जाऊन बसला. "मालकीणबाई, एक चा द्या."

ती हसली. सगळा जन्म त्यानं तिला ठके म्हटलं होतं. "काय सोंग करताय?"

"बिगरसाखरेचा द्या," दादू म्हणाला.

ते सोंग नव्हतं. त्यानंतर त्याच्या तोंडून ठके हा शब्द निघाला नाही. तो तिथंच राहिला, बाकड्यावर निजला, मात्र पत्त्याला शिवला नाही. ती रागावली, रडली, चारचौघांत शिव्या दिल्या. तो ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "मालकीणबाई, पाणी द्या." एक दिवस ती मणी पदराच्या गाठीत बांधून भर धंद्याच्या वेळी हॉटेल उघडं टाकून उत्रोलीला गेली. बुवांच्या दारात दुसरीच माणसं भात झोडत होती. बुवांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

संध्याकाळी ती परत आली. हातपाय धुतले, चुलीपाशी बसून भाकरी थापली, कालवणावर तूप घातलं, ताट घेऊन बाकड्यापाशी गेली. "अवो, जेवा," ती म्हणाली. तिचा आवाज कुणी एवढा खाली गेलेला ऐकला नव्हता.

दादू पोटभर जेवला. ताटात हात धुतला, धोतराला पुसला आणि उठून गल्ल्यापाशी आला.

"किती झालं, मालकीणबाई?"